बेळगाव-खानापूर-निपाणी भागातलं सीइंग : दुर्बीणवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या दुर्बिणीतून गुरू पाहिला की पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : ‘हा असा थरथरतोय का? दुर्बिणीत काही बिघाड आहे का?’ दुर्बीण सहसा ठणठणीत असते. हलते ती हवा. बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी आणि शेजारच्या चंदगडपर्यंतच्या पट्ट्यात दुर्बीण लावणाऱ्यांना हवेबद्दल जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बाहेरच्या पुस्तकांतले नियम आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहोत, चार महिने पाऊस असतो आणि पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आहे.

सीइंग म्हणजे नेमकं काय?

ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येतो तो गरम आणि गार हवेच्या सरमिसळीतून. गरम हवा प्रकाशाला किंचित कमी वळवते, गार हवा किंचित जास्त. हवेचे हे लहानमोठे भोवरे दुर्बिणीसमोरून सतत सरकत असतात. त्यामुळे ताऱ्याचा टिंब एका जागी न राहता नाचतो, फुगतो, फुटतो. हा फुगलेला टिंब किती रुंद झाला, ते त्या रात्रीचं सीइंग. ते आर्कसेकंदात सांगतात. एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक म्हणजे एक आर्कसेकंद.

अंदाज यावा म्हणून : गुरू आपल्या जवळ असतो तेव्हा त्याची थाळी ४४ ते ५० आर्कसेकंद भरते. शनीच्या कड्यांमधली कॅसिनीची फट, अगदी रुंद जागी, पाऊण आर्कसेकंदाहूनही थोडी कमी. १५० मिलिमीटरची चांगली दुर्बीण पाऊण आर्कसेकंदापर्यंतचं वेगळं दाखवू शकते. हवाई बेटांवरच्या मौना केआसारख्या शिखरावर चांगल्या रात्री सीइंग अर्ध्या-पाऊण आर्कसेकंदाचं मिळतं. आपल्यासारख्या पठारावर दोन-तीन आर्कसेकंद ही नेहमीची गोष्ट. म्हणजे ग्रह पाहताना बहुतेक रात्री मर्यादा दुर्बिणीची नसते, हवेची असते.

आकाश काचेसारखं स्वच्छ आहे, तरी ग्रह अस्पष्ट. असं कसं?

कारण स्वच्छपणा आणि स्थिरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवेत धूळ, बाष्प, धूर किती आहे त्यावर पारदर्शकता ठरते. हवा किती ढवळलेली आहे त्यावर सीइंग ठरतं. वळीव पडून गेल्यावर आकाश धुतल्यासारखं होतं, आकाशगंगा उठून दिसते, पण त्याच रात्री वरची हवा अजून घुसळत असते आणि गुरू वाहत्या ओढ्याच्या तळाशी पडलेल्या गोट्यासारखा दिसतो. उलट जानेवारीत खालून पांढुरका थर चढलेला असतो, अंधुक तारे गायब झालेले असतात, आणि त्याच वेळी गुरूचे पट्टे रेखीव दिसतात.

त्यामुळे बाहेर पडण्याआधी आज काय पाहायचं ते ठरवा. तेजोमेघ आणि दीर्घिका पाहायच्या तर पारदर्शकता हवी. ग्रह, चंद्र आणि जोडतारे पाहायचे तर सीइंग.

मग तारे खूप लुकलुकतात ती रात्र चांगली की वाईट?

ग्रहांसाठी वाईट. डोक्यावरचा तारासुद्धा चमचम करत असेल तर ग्रहाच्या बारकाव्यांची आशा कमी ठेवा. क्षितिजाजवळचे तारे मात्र हिशेबात धरू नका, ते नेहमीच लुकलुकतात. अगस्त्य आपल्याकडून फार तर साडेएकवीस अंश वर येतो. त्यामुळे तो हिरवा-तांबडा उडताना दिसणारच. व्याध, रोहिणी, स्वाती हे वर चढलेले असताना पाहा.

सीइंग मोजायचं कसं? यंत्र लागतं का?

वेधशाळांत यंत्र असतं. एकाच दुर्बिणीच्या तोंडावर दोन लहान छिद्रं ठेवायची, एकाच ताऱ्याच्या दोन प्रतिमा घ्यायच्या आणि त्या एकमेकींच्या तुलनेत किती हलतात ते मोजायचं. यामुळे दुर्बिणीचा स्वतःचा हादरा हिशेबातून आपोआप निघून जातो. आपल्याला एवढं करायची गरज नाही.

घरगुती पद्धती दोन. पहिली जोडताऱ्यांची. ऑक्टोबरच्या संध्याकाळी स्वरमंडळातली अभिजितजवळची दुहेरी जोडी पाहा. साध्या डोळ्यांना एक-दोन वाटणाऱ्या या ताऱ्यांतला प्रत्येक पुन्हा जोडीचा आहे आणि त्या जोड्यांतलं अंतर साधारण २.३ आर्कसेकंद आहे. थंडीत पुनर्वसूतला कॅस्टर घ्या, अंतर साडेपाच आर्कसेकंदांच्या आसपास. फेब्रुवारी-मार्चनंतर सिंहेतला अल्जिबा आहे, सुमारे ४.७. त्यापाठोपाठ कन्येतला पोरिमा, सुमारे ३.४. कॅस्टर सुटतो पण पोरिमा चिकटलेला राहतो, अशी रात्र ग्रहांना सामान्यच. पोरिमाच्या दोन टिंबांमध्ये स्वच्छ काळी फट स्थिर राहत असेल तर जास्त वर्धनाचं आयपीस (डोळा लावायचं भिंग) बेलाशक काढा.

दुसरी पद्धत पिकरिंगची. विल्यम पिकरिंग या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने पाच इंची भिंगाच्या दुर्बिणीतून ताऱ्याची प्रतिमा पाहून एक ते दहा असे गुण ठरवले. एक म्हणजे नुसता उकळता गोळा, दहा म्हणजे मधला टिंब आणि त्याभोवतीची वलयं जागच्या जागी. ग्रहनिरीक्षक अँटोनिआडी यांची श्रेणी रोमन आकड्यांत एक ते पाच अशी आहे आणि ती उलटी चालते : तिच्यात एक म्हणजे उत्तम. वहीत नोंद करताना कुठली श्रेणी वापरली ते लिहाच, नाहीतर वर्षानंतर आपल्यालाच उलगडा होत नाही.

पिकरिंगसाठी २०० पटीच्या आसपास वर्धन लावा, दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा आणि उंचावरचा तारा धरा, आणि दोन-तीन मिनिटं नुसतं पाहत राहा. सुरुवातीला सगळं तुटक दिसतं. मग कळू लागतं की मधला टिंब टिकून आहे, वलयाचा एक तुकडा डावीकडे उजळतो, विझतो, खाली उजळतो. वलय तुटक पण सतत दिसत असेल तर पाच-सहा गुण. आपल्या भागात मोकळ्या रानात मध्यरात्रीनंतर एवढं मिळालं तर ती चांगली रात्र समजा.

पुस्तकात लिहिलंय की चाचणीसाठी ध्रुवतारा घ्या, तो हलत नाही.

ते युरोप-अमेरिकेतल्या लोकांसाठी ठीक आहे. बेळगावचा अक्षांश साधारण १५.८५ अंश, म्हणून ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून सोळा अंशांच्या आसपासच असतो. तिथे पाहताना डोक्यावरच्या मानाने साडेतीन पट हवा मध्ये येते आणि ताऱ्याचा टिंब दुपटीहून थोडा जास्त फुगतो. ध्रुवावरून आपलं सीइंग ठरवलं तर रोजच वाईट निघेल.

म्हणजे आपल्या अक्षांशामुळे तोटाच?

अजिबात नाही, ग्रहांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत, आणि हे पुरेसं सांगितलं जात नाही. ग्रह ज्या वाटेने फिरतात ती वाट आपल्या डोक्यावरून जाते. ग्रह धनू राशीत, म्हणजे सगळ्यात दक्षिणेला असला तरी बेळगावातून तो ५१ अंश वर येतो. तोच ग्रह लंडनमधून जेमतेम साडेपंधरा अंश. तिथले लोक वर्षानुवर्षं वाट पाहतात ती उंची आपल्याला दर वर्षी मिळते. १९ फेब्रुवारी २०२७ ला मंगळ आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येईल तेव्हा तो सिंह राशीत असेल आणि मध्यरात्रीच्या सुमारास आपल्या अगदी डोक्यावर असेल. त्याची थाळी १४ आर्कसेकंदांहूनही किंचित लहान असणार, तेव्हा उंचीचा हा फायदा फार मोलाचा.

अडचण एकच. डॉब्सन बैठकीची, म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या साध्या फिरत्या खोक्यावरची दुर्बीण थेट डोक्यावर नीट वळवता येत नाही. ग्रह माथ्यावर यायच्या तासभर आधी किंवा नंतर पाहा, हवेत फारसा फरक पडत नाही.

जेट स्ट्रीमचा त्रास आपल्याला होतो का?

उत्तर भारताएवढा नाही. थंडीत पश्चिमेकडून वाहणारा हा वेगवान वारा साधारण बारा किलोमीटर उंचीवर असतो आणि त्याचा मुख्य प्रवाह उत्तर भारतावरून जातो. आपण त्याच्या बरेच दक्षिणेला. कधी कधी फेब्रुवारी-मार्चमध्ये तो दक्षिणेकडे झुकतो, तेव्हा आपल्यालाही जाणवतं : ग्रह नाचत नाही, पण सगळे बारकावे कुणी बोट फिरवून पुसल्यासारखे दिसतात. पावसाळ्यात दक्षिण भारतावर पूर्वेकडून वाहणारा वेगळा जेट असतो, पण तेव्हा ढगच असतात.

म्हणून माझं ठाम मत असं आहे की आपल्या भागातलं वाईट सीइंग मुख्यतः खालचं आहे. ते जमिनीलगतच्या काही दहा मीटरांत, गच्चीवर आणि दुर्बिणीच्या नळीत तयार होतं. बारा किलोमीटरवरच्या वाऱ्यापुढे आपला इलाज नाही, पण खालच्या हवेवर आहे.

वर्षातले कुठले महिने चांगले?

जून ते सप्टेंबर सोडून द्या. ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली तर एखादी रात्र मिळते. पश्चिमेला खानापूर-जांबोटीकडे तीही दुर्मिळ. पूर्वेला गोकाक, अथणी, रायबाग हा कमी पावसाचा भाग आहे, तिथे पावसाळ्यातही अधूनमधून आकाश मोकळं होतं.

दसरा झाला की हंगाम सुरू. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जमीन अजून ओली असते, त्यामुळे दिवसा ती फार तापत नाही आणि रात्री फार उष्णता सोडत नाही. वाराही पडलेला असतो. शनीसाठी हे दिवस मला सगळ्यात आवडतात. २३ मार्च २०२५ ला पृथ्वीने शनीच्या कड्यांची पातळी ओलांडली. त्यानंतर कडी हळूहळू उघडत चालली आहेत आणि २०३२ च्या सुमारास पूर्ण रुंद होतील. पुढची काही वर्षं दिवाळीच्या आगेमागे शनी पाहण्यासारखाच आहे. त्रास फक्त दहिवराचा. नऊ-दहा वाजताच नळीवरून पाणी निथळायला लागतं.

नोव्हेंबर ते जानेवारी आकाश निरभ्र आणि रात्री लांब. दुपारी तीस अंशांच्या आसपास गेलेला पारा पहाटे चौदा-पंधरावर येतो. एवढ्या उतारामुळे दुर्बिणीचा आरसा हवेच्या मागे पडत राहतो. जमिनीलगत गार हवा साचली की मात्र वातावरण शांत होतं, आणि मध्यरात्रीनंतरचे दोन-तीन तास फार छान जातात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये माळ कोरडे पडतात, दिवसा जमीन सणकून तापते. संध्याकाळी सीइंग वाईट, पहाटे बरं. एप्रिल-मे म्हणजे वळवाचे दिवस : दुपारनंतर ढग, रात्री पश्चिमेकडून दमट वारा आणि त्याबरोबर घाट ओलांडून येणारे खालचे ढग. बेळगावचा उन्हाळ्यातला वारा माणसाला सुखाचा वाटतो, दुर्बिणीला नाही.

आणि रात्रीतली कुठली वेळ?

सूर्य मावळतानाचा अर्धा-पाऊण तास लोक वाया घालवतात. दिवसभर जमीन हवेपेक्षा गरम असते, रात्री हवेपेक्षा गार होते. मध्ये एक वेळ अशी येते की दोन्हींचं तापमान जवळजवळ सारखं होतं. त्या वेळी खालची हवा काही काळ शांत होते. शुक्र पाहायचा तो तेव्हाच. आकाश उजळ असल्याने त्याचा झगझगाटही कमी असतो.

त्यानंतर दहा-अकरापर्यंत भिंती, रस्ते, स्लॅब दिवसाची उष्णता सोडत असतात. हा काळ साधारणच. मध्यरात्र ते पहाट सगळ्यात बरी. पहाटे धुकं उतरलं की मात्र आटोपावं लागतं.

चोर्ला, कणकुंबी, आंबोलीकडे एवढा काळोख आहे, तरी तिथे ग्रह गावातल्यापेक्षा वाईट का दिसतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. काळोखी जागा आणि शांत हवेची जागा एक नसते. घाटाचा कडा आठशे मीटरच्या आसपास, आणि त्याखाली एकदम कोकण-गोवा. संध्याकाळी समुद्राकडून आलेली उबदार, ओली हवा त्या भिंतीवर चढते आणि काठावर पठारावरच्या कोरड्या, गार हवेत मिसळते. मिसळते म्हणजे भोवरे आले. रात्री उशिरा पठारावरची गार हवा उलट दिशेने दऱ्यांत ओघळायला लागते. काठावर उभं राहिलात तर या दोन्ही हालचालींच्या मधोमध उभे आहात. वारा जोराचा असेल तर कड्यामागेही, पूर्वेच्या बाजूला काही अंतरापर्यंत, हवा लोळण घेत राहते.

त्यामुळे आकाशगंगा, वृश्चिक-धनूतले तारकागुच्छ, दीर्घिका यांच्यासाठी जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जरूर जा. दक्षिणेकडचं आकाश तिथे सुरेख आहे. ग्रहांसाठी मात्र पूर्वेकडे वळा. बैलहोंगल, गोकाक, हुक्केरीकडचा सपाट माळ कड्यापासून लांब आहे. वारा तिथवर येईपर्यंत हवेची घडी बरीच बसलेली असते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, भीमगड अभयारण्याच्या आसपास, रात्री गवे आणि अस्वलं फिरतात. वनखात्याच्या परवानगीशिवाय जंगलहद्दीत दुर्बीण लावू नका. गावाजवळच्या ओळखीच्या शेतात, मालकाला सांगून बसणं कधीही बरं.

शेतात जागा कशी निवडावी?

सपाट, मऊ, झाकलेली जमीन. येळ्ळूर-वडगाव-शहापूर शिवारात भातकापणीनंतर मसूर किंवा हरभरा उगवलेला असतो. अशा हिरव्या रानाच्या बांधावर बसणं उत्तम. नांगरलेली उघडी काळी जमीन दिवसभर तापते. उभ्या उसाच्या अगदी कडेला बसलात तर वारा उसावरून उसळून तुमच्या अंगावर तुटतो. पन्नासेक पावलं लांब बसा.

ओढ्याच्या, नदीच्या अगदी काठचा खोलगट भाग नको. गार हवा तिथे साचते, दहिवर आणि धुकं आधी तिथेच धरतं. टेकडीचा माथाही सरसकट चांगला नसतो. राजहंसगडासारख्या सुट्या टेकडीवर वारा संथ आणि एकसारखा असेल तर वाऱ्याच्या तोंडाकडची बाजू छान असते, पण तटाच्या आत किंवा आडोशाला नको. दगडी तट दिवसभर तापतो आणि वारा त्याच्यावर आपटून फुटतो. वर जायचं तर आधी परवानगी घ्या.

हिडकल किंवा राकसकोप जलाशयाच्या काठी सीइंग चांगलं मिळेल का?

दिवसा नक्की फायदा आहे. पाणी जमिनीसारखं तापत नाही, म्हणून पाण्यावरची हवा उन्हातही शांत राहते. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर बांधली ती याचसाठी. हिडकलच्या काठी, पाण्यावरून येणारा वारा अंगावर घेत सूर्य पाहिला तर फरक दिसतो. रात्रीचं गणित वेगळं. थंडीत पाणी हवेपेक्षा उबदार राहतं, वाफ उठते, भिंगं ओली होतात. रात्रीसाठी मी काठापासून जरा वर, आत सरकून बसेन.

घरच्या गच्चीवरूनच पाहावं लागतं. काय करता येईल?

बऱ्याच जणांची हीच परिस्थिती आहे, आणि गच्चीवर बरंच काही सुधारता येतं. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते सोडत राहतो. हात टेकवून पाहा, रात्री नऊलाही तो कोमट लागतो. ती ऊब थेट तुमच्या नळीसमोरून वर जाते. दुपारनंतर स्लॅबवर हिरवं शेडनेट बांधता आलं तर उत्तम. पाणी पुरेसं असेल तर पाचच्या सुमारास दोन-चार बादल्या शिंपडा, अंधार पडेपर्यंत ते सुकलं पाहिजे. दुर्बीण ठेवायची तिथे काथ्याची चटई किंवा गोणपाट पसरा.

कठड्याला चिकटून बसू नका. सौर बंब, पाण्याची टाकी, शेजारचं धुराडं यांच्यावरून जाणारी नजर टाळा. ग्रह शेजारच्या घरावर असेल तर तो तिथून सरकेपर्यंत थांबा. थंडीत पहाटे घरोघरी पाणी तापवायचे बंब पेटतात, त्या वेळी खाली पाहिलेला ग्रह हमखास उकळतो. पत्र्याचं छप्पर लवकर तापतं तसं लवकर निवतंही, रात्री उशिरा त्याचा त्रास कमी. खोलीतून, खिडकीतून दुर्बीण लावण्याने काहीही हाती लागत नाही.

मागे परसात माती किंवा गवत असेल आणि ग्रह दिसत असेल, तर गच्चीपेक्षा परसू बरं.

दुर्बीण ‘गार’ करायची म्हणजे काय करायचं?

घरातून आणलेला आरसा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असतो. त्याच्या तोंडावर उबदार हवेचा काही मिलिमीटरांचा थर धरतो, आणि प्रकाश त्यातून जाताना-येताना असा दोनदा बिघडतो. एक-दोन अंशांचा फरकही पुरतो. पाहायच्या आधी पाऊण ते एक तास दुर्बीण झाकण काढून बाहेर ठेवा. बंद नळीची श्मिट-कॅसेग्रेन असेल तर दीड तास धरा. उघड्या नळीच्या न्यूटोनियनला मागून कॉम्प्युटरचा लहान पंखा लावला तर फार फरक पडतो.

नळीतली हवा ओळखायची खूण सोपी आहे. उजळ तारा फोकसच्या बाहेर न्या, मोठी गोल चकती होईल. त्या चकतीत एका बाजूने वर चढणारा पिसासारखा झोत दिसला आणि तो जागचा हलत नसला, तर तो नळीच्या आतला. सगळ्या चकतीवरून एका दिशेने पट्टे सरसरत जात असतील तर ते वरच्या वाऱ्याचे. चकती उकळीसारखी बुडबुडत असेल तर स्लॅब, छप्पर किंवा जमीन. ही चाचणी करायला पाच मिनिटं लागतात, आणि थांबायचं की जागा बदलायची ते कळतं.

हवा अशी असेल तर मोठी दुर्बीण घेऊन उपयोग काय? आणि किती पटीने पाहावं?

दोन आर्कसेकंदांच्या सीइंगमध्ये हवेचे एकसंध तुकडे साधारण पाच सेंटिमीटरचे असतात. लहान दुर्बिणीसमोर एका वेळी एखाद-दोनच तुकडे येतात, म्हणून प्रतिमा नाचते पण रेखीव राहते. मोठीसमोर वीस तुकडे, म्हणून प्रतिमा फुटते. तरी मोठी दुर्बीण कधीच कमी दाखवत नाही. हवा क्षणभर थांबली की ती जे दाखवते ते लहानीत नसतंच. आपल्या भागासाठी १५० ते २०० मिलिमीटर हा मला योग्य मेळ वाटतो. उचलता येते, लवकर निवते.

वर्धन नेहमीच्या रात्री १५० ते २००. अडीचशे-तीनशेची रात्र क्वचित येते. प्रतिमा मोठी होऊनही नवं काही दिसत नसेल तर एक पायरी खाली या.

ॲपवरच्या सीइंग अंदाजावर किती भरवसा ठेवावा?

मिटिओब्लू, सेव्हनटाइमर यांवर सीइंगचा अंदाज मिळतो. वरच्या हवेसाठी ते उपयोगी आहेत. विंडी या ॲपवर २०० हेक्टोपास्कलचा, म्हणजे साधारण बारा किलोमीटर उंचीवरचा वारा पाहा. तो सेकंदाला वीस मीटरच्या आत असेल तर बरं, चाळीसच्या वर असेल तर ग्रहांचा बेत सोडा. पण ही गणितं मोठमोठ्या चौकोनांची असतात. त्यांना तुमचा स्लॅब, चोर्ल्याचा कडा, मार्कंडेय नदीचा खोलगट काठ दिसत नाही. ॲपने चांगलं म्हटलं आणि प्रत्यक्षात वाईट निघालं, तर आधी खाली शोधा.

धुकं किंवा पाचटाचा धूर असेल तर दुर्बीण बंद करावी का?

धुकं पातळ असेल तर अजिबात करू नका. धुकं धरतं याचा अर्थच हवा निपचित आहे. गुरू, शनी, चंद्र अशा वेळी कमाल स्थिर दिसतात. भिंगावर दहिवर येईपर्यंत पाहत राहा. पुठ्ठ्याची किंवा फोमची लांब टोपी नळीच्या तोंडाला लावली की आणखी तासभर मिळतो. ओलं झालेलं भिंग पुसू नका, वाळू द्या.

ऊसतोडीच्या हंगामात पाचट पेटवतात. तो धूर दूरवर पसरलेला असेल तर फक्त अंधुक तारे जातात. जवळचं रान पेटलेलं असेल तर गरम हवेचे लोट उठतात, त्या दिशेला पाहण्यात अर्थ नाही. आणि काजळी आरशावर बसते, तेव्हा झाकून ठेवा.

सूर्य कधी पाहावा?

सकाळी, उन्हं चढायच्या आत. उगवल्यानंतर तास-दोन तास सगळ्यात चांगले. दहानंतर रस्ता, स्लॅब, माळ सगळं तापतं आणि डागांच्या कडा उकळायला लागतात. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर सूर्यासाठीच बनवलेला फिल्टर घट्ट बसवल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवू नका. आयपीसला लावायचा फिल्टर उष्णतेने तडकतो आणि डोळा जातो.

मोबाईल किंवा कॅमेऱ्याने ग्रहाचा फोटो घेताना सीइंगवर मात करता येते?

बऱ्यापैकी. एकच फोटो घेऊ नका, व्हिडिओ घ्या. दोन-तीन मिनिटांत हजारो फ्रेम मिळतात आणि त्यातल्या काहींत हवा नेमकी शांत असते. डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्येच अशा नशीबवान क्षणांची शक्यता गणिताने मांडली होती. कॅमेरा असेल तर शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर या संगणक प्रोग्रामने टिपा, मग ऑटोस्टॅकर्ट या प्रोग्राममध्ये चांगल्या दहा-वीस टक्के फ्रेम निवडून एकावर एक रचा. गुरू भराभर फिरतो, म्हणून एक व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवू नका. ग्रह खाली असेल तर कडेला एका बाजूने तांबडी, दुसऱ्या बाजूने निळी झालर येते. ती हवेमुळेच, फोकस फिरवून जात नाही.

शाळेच्या मैदानावर मुलांना ग्रह दाखवायचे आहेत. तासभरच मिळणार आहे.

संध्याकाळी लवकरची वेळ मिळते म्हणजे हवा फारशी साथ देणार नाही, हे धरूनच चाला. चंद्र पंचमी ते दशमीचा असेल अशी तारीख निवडा, खराब सीइंगमध्येही विवरं मुलांना खिळवून ठेवतात. डांबरी किंवा फरशी घातलेला भाग सोडून गवतावर किंवा मातीवर दुर्बीण लावा, आणि कार्यक्रमाच्या तासभर आधीच उघडून ठेवा. शंभर पटीच्या वर जाऊ नका.

रांग नळीच्या तोंडासमोर येऊ देऊ नका. माणसांच्या अंगाची आणि श्वासाची ऊबही दिसते. वारा ज्या बाजूने येतो तिथे दुर्बीण आणि उलट्या बाजूला रांग. प्रत्येक मुलाला निदान वीस-तीस सेकंद डोळा लावू द्या. पहिल्या क्षणी नुसता थरथरता ठिपका दिसतो, मग हवा थांबते आणि मूल स्वतःहूनच म्हणतं, ‘सर, पट्टे दिसले.’ तेवढं थांबायला मिळावं म्हणून मुलं जास्त असतील तर दुसरी दुर्बीण मागवा, रांग पळवू नका.